चर्चच्या तळघरातल्या जबान्या

आमच्या हर्नडनच्या किचनमध्ये दह्याचे रिकामे डबे साठतात, तसे माझ्याकडे किस्से साठलेत. टाकवत नाहीत, आणि कोणी घरी आलं की एखादा भरून द्यावासा वाटतो! हे सगळे चर्चच्या तळघरातले.

ऐंशीच्या दशकात मी नवऱ्यामागे इथे अमेरिकेत आले. डिपेंडंट व्हिसा, नोकरीला बंदी. म्हणून त्या तळघरात फुकटात टायपिंग करायला जाऊ लागले. मध्य अमेरिकेतल्या यादवीतून जीव वाचवून आलेली माणसं तिथे जबान्या द्यायची. केट नावाची वकील त्या जमवायची. कधी ना कधी कोर्ट बसेल, तेव्हा कागद तयार हवा, हा तिचा हट्ट.

*

नागपूरच्या टायपिंग क्लासात अर्जाचा नमुना माझ्या हाडीमांसी भिनला होता. पहिलीच जबानी होती गाव जाळणाऱ्या एका कर्नलविरुद्ध. मी ती सुबक टाइप केली आणि सवयीने खाली ठोकलं, "युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट"!

केट पाच मिनिटं हसत होती. "कर्नल हे वाचून आपल्याला नोकरीवर ठेवेल!"

*

माझा रंग बघून सगळे मला त्यांच्यातलीच समजायचे. एकदा आमचा दुभाषा मिगेल ट्रॅफिकमध्ये अडकला. एका आजोबांनी मलाच वीस मिनिटं स्पॅनिशमध्ये सगळं सांगितलं. मला ओ की ठो कळलं नाही, पण ते रडले तशी मीही रडले.

मिगेल आला तेव्हा आजोबा कोट चढवून निघाले होते. "पुन्हा कशाला? बाईंना सगळं कळलंय!"

कागदावर एक अक्षर नव्हतं.

*

केटला न्यायाबरोबर सलोखाही हवा होता. फौजेतून पळून आलेला एक सैनिक आणि त्याच फौजेने घर जाळलेला एक सुतार, दोघांना तिने समोरासमोर बसवलं. तासभर कोणी बोलेना. शेवटी सुतार कपातून एक घोट घेऊन काहीतरी पुटपुटला आणि सैनिकाने जोरात मान डोलावली.

"काय म्हणाले?" केट खुर्चीतून उठलीच.

"कॉफी भयंकर आहे," मिगेल म्हणाला.

केटने मला बैठकीच्या मिनिट्समध्ये लिहायला लावलं: एका मुद्द्यावर एकमत झाले.

*

मग सहा महिन्यांसाठी सासूबाई आल्या. घरी एकट्या कंटाळतील म्हणून मी त्यांनाही तळघरात न्यायचे. कॉफीच्या टेबलावरच्या साखरेच्या पुड्या त्या सरळ पर्समध्ये टाकायच्या.

"आई, अहो, ती चर्चची आहे!"

"फुकट ठेवलीय ना? नागपूरला नेते सगळ्यांना दाखवायला."

त्या जिन्यावर दिसल्या की मिगेल साखर लपवायचा.

*

दोन्या रोसा सत्तरीच्या. 'दोन्या' म्हणजे आपलं 'बाई'. त्यांच्या नवऱ्याला सैनिकांनी घरातून नेलं, ते परत आलेच नाहीत. रोसाबाई तीनदा आल्या, सगळं सांगितलं, पण नवऱ्याचं नाव काही सांगेनात. नुसतं "माझा माणूस". नाव उच्चारलं की सैनिक दारात येतात, ही कित्येक वर्षांची धास्ती.

"नाव नसेल तर हरवलेल्यांच्या यादीत ते जाणार नाहीत," केट काकुळतीला आली.

"काय झालं गं?" सासूबाईंनी मला विचारलं.

"नवऱ्याचं नाव घेत नाहीयेत."

"बरोबरच आहे! असं चारचौघांत कोणी विचारतं का? उखाणा घ्यायला सांग की तिला!"

"आई, अहो, हे लग्न नाहीये!"

पण त्या पदर सावरून रोसाबाईंसमोर उभ्याही राहिल्या होत्या. सासरे जाऊन सात वर्षं झाली होती. तेव्हापासून त्यांना कोणी उखाण्याचा आग्रह केला नव्हता.

"चर्चच्या तळघरात कॉफी मिळते काळी,
मधुकररावांचं नाव घेते साक्षीच्या वेळी!"

मी मिगेलला समजावलं, त्याने रोसाबाईंना. त्या तोंडावर हात ठेवून चक्क लाजल्या. मग खाली बघत त्यांनी आपल्या भाषेत दोन ओळी म्हटल्या. शेवटी एक नाव होतं. एर्नेस्तो.

मिगेल म्हणाला, "इंग्लिशमध्ये यमक जुळत नाहीये."

"नाही जुळलं तरी चालेल," केट म्हणाली. "नाव टाइप कर."

मी टाइप केलं. तीन कार्बन लावून.

सासूबाईंनी पर्स उघडली, साखरेची एक पुडी फोडली आणि रोसाबाईंच्या तळहातावर ओतली.

"घे गं. नाव घेतलंस ना!"