जादूघरातला सातवा

फ्रीगंजमधल्या त्या पिवळ्या इमारतीला रिक्षावाले अजूनही जादूघर म्हणतात. आत इंग्रजांच्या काळापासून फ्रीमेसन नावाच्या गुप्त बंधुमंडळाची लॉज, म्हणजे शाखा, भरते, एवढंच सगळ्यांना ठाऊक. पुढचं ज्याने त्याने आपल्या भीतीप्रमाणे रचलेलं. मी लग्न होऊन उज्जैनला आले तेव्हा शेजारणीने हळूच विचारलं होतं, "तुम्हारे इनको भी ले गए क्या वहाँ?" मी खूप हसले होते.

ह्यांना तिथे ह्यांच्याच बँकेच्या मॅनेजरांनी नेलं होतं. वरच्या मजल्यावर सभा, काळे कोट, पांढरे हातमोजे, कसले कसले विधी, आणि घरी आल्यावर तोंडाला कुलूप. खाली मात्र लॉजचा धर्मादाय दवाखाना. त्याबद्दल मी कधी नाक मुरडलं नाही. भैरवगढचे कापडछपाईवाले रंगाने चिरलेले हात घेऊन तिथे येत. थंडीत रामघाटावरच्या निराधार म्हाताऱ्यांना ब्लँकेटं तिथूनच जात. शाळेतून निवृत्त झाल्यावर मीही तिथे औषधाच्या पुड्या बांधायला बसू लागले.

पण वरची माणसं गळत चालली. कुणी मुलाकडे पुण्याला गेला, कुणी थेट चक्रतीर्थाच्या स्मशानात. उरले नेमके सात. त्यांच्यात सातजण जमल्याशिवाय सभा भरत नाही, आणि सभा भरेनाशी झाली की लॉजची सनद परत जाते. मग इमारत विकली जाणार आणि दवाखानाही बंद. यात्रेकरूंसाठी हॉटेल काढणाऱ्या कुणाची तरी माणसं टेप घेऊन भिंती मोजूनही गेली होती.

त्या सातांतला एक माझा नवरा. जिना चढायचा नाही, असं डॉक्टरांनी ह्यांना बजावलेलं. हृदयाचा भरवसा उरला नव्हता.

तरी दर महिन्याला दारात गाडी यायची. त्यातून तीन-चार सभ्य म्हातारे हात जोडून उतरायचे. "भाभीजी, बस दो घंटे. ये नहीं आए तो सब ख़त्म." इतकं गोड बोलायचे की यमदूतही असेच अदबीने येत असतील, असं मला वाटायचं. भांडायची सोयच नाही! मी ह्यांना म्हणायचे, "अहो, नका ना जाऊ." हे कोटाची बटणं लावत राहायचे.

त्या संध्याकाळी मी खाली दवाखान्यात होते. वर लाकडी तक्तपोशी, त्यामुळे सभेतली पावलं ऐकू यायची. विधीत ते खोलीभर फेरी घालतात. ह्यांचा डावा पाय जरा घासतो, तो आवाज मी हजारात ओळखीन. पहिल्या फेरीत तो होता. पुढच्या फेरीत नव्हता. मी पुड्या बांधायच्या थांबले. पुन्हा पावलं फिरली, आणि घासणारा पाय नाहीच.

धावत वर गेले. दाराबाहेर एकजण उघडी तलवार घेऊन पहारा देतो, तो त्यांच्याच सातांतला. निवृत्त मास्तर, आमच्याकडे कितीदा श्रीखंड खाऊन गेलेला.

"मास्साब, ये चल नहीं रहे. दरवाज़ा खोलिए!"

तो घाबरला, पण तलवार आडवीच. "भाभीजी, पहले अंदर ख़बर देनी पड़ती है." त्याने दारावर ठोका मारला. आतून उलट ठोका आला.

"मतलब?"

"मतलब, रुकिए."

मी दोन्ही हात दारावर आपटले. ह्यांना हाका मारल्या. आत कुणीतरी क्षणभर थांबलं, आणि मग त्याच संथ सुरात पाठ पुढे सुरू झाला.

सभा रीतसर बंद झाली, तेव्हाच दार उघडलं. हे खुर्चीत घामाने निथळत होते, ओठ निळसर. बाकीच्यांपैकी कुणी माझ्या नजरेला नजर देईना.

इस्पितळात वेळेवर पोचलो, हे वाचले. बोलण्याइतके बरे झाल्यावर मी म्हणाले, "मी दाराशी ओरडत होते. त्या मेल्यांनी उघडलं नाही."

"उघडायलाच निघाले होते ते," हे म्हणाले. "मीच हाताने नको म्हटलं."

मला आधी कळेचना.

"मी उठलो असतो तर सहाच उरले असते. सभा मोडली असती. आधीच दोनदा मोडली होती."

"आणि तुम्हीच गेला असतात तर?"

ह्यांनी खरंच विचार केला, छताकडे बघत, बँकेत हिशेब जुळवावा तसा. "सभा बंद होईपर्यंत टिकलो असतो," ते म्हणाले. "तेवढंच बघत होतो."

"माझी हाक ऐकूनही?"

ह्यांनी माझा हात हातात घेतला, थोपटला, आणि विचारलं, "पुढच्या सभेचं काही म्हणाले का ते?"

मी हात काढून घेतला. इतक्या वर्षांच्या संसारात मला ह्यांची भीती वाटली, ती त्या दिवशी पहिल्यांदा.