एका वाक्यात सांगा, आपा

पक्षाच्या वॉर्डबैठकीत आपा खुर्ची ओढून थेट दारात बसायच्या. पुढं जागा रिकामी असली तरी दारातच. त्यांचा विषय नेहमी सगळ्यात शेवटी, ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून यायचा, आणि एरवी तोवर आमचे निम्मे कार्यकर्ते चहाच्या टपरीकडं सटकले असते. आपा दारात असल्या की सटकायची कुणाची टाप नव्हती. अर्ध्याअधिक जणांना त्यांनी शाळेत शिकवलेलं होतं.

विषय एकच, आमच्या मोहल्ल्यातली जुनी विहीर. शहर चारी अंगांनी सुटलं होतं, पार करमाडपर्यंत प्लॉट पडत होते, आणि नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता. ती विहीर मात्र भर मे महिन्यातही आटत नव्हती. आपांचं म्हणणं असं, की भोवतीची मोकळी जमीन, तिथले दोन लिंब, घरांच्या छतांवरून उतरणारं पाणी हे सगळं राखायचा ठराव पक्षानं करावा आणि आपल्या नगरसेवकानं तो सभागृहात मांडावा. “विहीर म्हंजे नुसता खड्डा नाय बाबा,” त्या म्हणायच्या, “आजूबाजूची जमीन म्हंजेच विहीर.”

आमचे अध्यक्ष माणूस वाईट नव्हते, पण लांब भाषण त्यांना फक्त स्वतःचंच आवडायचं. ते घड्याळाकडं बघत म्हणायचे, “आपा, एका वाक्यात सांगा.” मग कुणीतरी आपांना महिला मेळाव्याचं बघायला सुचवायचं. आपा हसायच्या आणि बोलत राहायच्या.

एकदा रमजानात बैठक लांबली. आपांनी दारातच खजूर तोंडात टाकून रोजा सोडला, घरून आणलेलं पाणी प्यायल्या आणि उरलेली बाटली अध्यक्षांपुढं धरली. पाणी आपल्याच विहिरीचं आहे, बघा पिऊन, म्हणाल्या. अध्यक्ष सगळं पाणी प्यायले, गोड आहे म्हणाले आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. मी शाखेचा चिटणीस, सतरंज्या घडी करता करता पोट धरून हसलो होतो.

मग निवडणुकीचं वर्ष आलं. त्या बैठकीत आपा उठल्या, “विहीर वाचवा” एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या. आम्ही आधी चाट पडलो, मग टाळ्यांचा कडकडाट झाला. ठराव एकमतानं मंजूर. जाहीरनाम्यात तेच दोन शब्द ठळक छापले. आपांनी अख्ख्या मोहल्ल्यात पेढे वाटले. इतक्या खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही निवडून आलो, आणि खरंच, शब्द पाळला. विहिरीचं सुशोभीकरण निघालं. आतून तळापासून काठापर्यंत सिमेंटचा गिलावा, भोवतीच्या जमिनीवर पेव्हर ब्लॉक, पाला पडतो म्हणून दोन्ही लिंब साफ, वर रंगीत दिवे आणि नेत्यांच्या नावांची पाटी. आपा ठेकेदाराकडं धावल्या, नगरसेवकाकडं धावल्या, शेवटी अध्यक्षांकडं आल्या. अध्यक्षांना त्यांचा त्रागा कळेचना. “आपा, तुमचीच तर मागणी होती,” ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. त्याचंच मला आजही जास्त वाईट वाटतं. उद्घाटनाला त्यांनी आपांना शाल-श्रीफळ दिलं. आपांनी ते मुकाट्यानं घेतलं.

पुढच्याच वर्षी पावसानं दगा दिला. झिरपायला जमीन नाही, झऱ्यांची तोंडं लिंपलेली. संक्रांतीलाच विहिरीचा तळ दिसला. बायका हंडे घेऊन टँकरपुढं उभ्या राहू लागल्या. आपाही तिथंच, रांगेत, खाली मान घालून. कुणी त्यांना बोल लावला नाही, पण त्यांचं बैठकीला येणं तुटलं. नंतर त्या बजाजनगरला लेकीकडं राहायला गेल्या.

मी एकदा भेटायला गेलो. मोहल्ल्यामागचा नाला बुजवून त्यावर गाळे काढायचं चाललंय, आपा, तुम्ही या, असं गयावया करून म्हणालो.

“मी थकले रे,” त्या म्हणाल्या. “त्यांनी ऐकावं म्हणून मी एकेक गोष्ट सोडत गेले. आधी छतं सोडली, मग झाडं, मग जमीन. नुसती विहीर ठेवली. ती कशी जगंल? आता तू बोल. अन् लोक उठून गेले तरी पुरं बोल.”

त्यानंतर वर्षभरातच आपा गेल्या. मी बैठकीत बोलतो, पुरं बोलतो, लोक उठून जातात. नाल्याचं अजून भिजत घोंगडं आहे. विहिरीवरचे रंगीत दिवे मात्र रोज संध्याकाळी न चुकता लागतात, आणि खाली पाण्याचा थेंब नाही.