साहेबांपुढचा गिलास

मिलिंद गेल्याचं नातेवाइकांना कळवता कळवता मी एक फोन मिलिंदलाच लावला. यादीत तिगावच्या मावशीखाली त्याचं नाव होतं. पलीकडच्या खोलीत, त्याला ठेवलं होतं तिथंच, त्याचा मोबाइल वाजला आणि रडणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या... असा मी कर्तबगार जावई.

मिलिंद माझ्या बायकोचा, सुनंदाचा, धाकटा भाऊ. सौसरला शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. अंड्याच्या पांढऱ्यात सोन्याचा क्षार कालवून तो चहाच्या रंगाचं पाणी बनवायचा. त्यात डोळ्याला न दिसणारे सोन्याचे कण. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली ते लाल चमकायचे; पाण्यात पारा असला, की विझायचे. "भाऊजी, पाऱ्यापुढे सोनं तोंड लपवते," म्हणायचा. "अन् उरलेल्या बलकाचं काय करतं?" एवढंच मला सुचलं. त्यानं भुर्जी खाऊ घातली.

एक दिवस आमच्या वस्तीच्या विहिरीचं पाणी त्यात टाकलं आणि लाल विझलं. वरच्या अंगाला, नाल्याकाठी, कारखाना आहे. मिलिंद दिवा घेऊन पाणी तपासणाऱ्या साहेबांकडे गेला, सोबत मी. साहेब हसले. "मास्टरजी, अंड्याचं आमलेट बनवा. पाणी पिण्यालायक आहे, सही केली मी." मी दिवा उचलला आणि मिलिंदच्या मागं बाहेर आलो. मिलिंद चार वर्षं खेटे घालत राहिला. अशाच एका खेपेला बसस्टँडवर छातीत कळ आली, अन्...

दीड महिना झाला. त्या हसण्याला मी क्षमा केलेली नाही, करणारही नाही.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला तेच साहेब आले. फोटोला हार घातला, "फार मोठा वैज्ञानिक गेला" म्हणाले. मी गिलास भरून पुढे केला.

"घ्या साहेब. वस्तीच्या विहिरीचं आहे. तुमचीच सही आहे त्याच्यावर."

ओठाशी गेलेला गिलास तिथंच थांबला. अख्खा मंडप पाहून राहिला होता. "आता तहान नाही," म्हणत त्यांनी तो खाली ठेवला आणि न जेवता निघाले. मला मात्र त्या दिवशी जेवण गोड लागलं, खोटं कशाला बोलू.

भांडी आवरताना सुनंदाला कबूल केलं, की गिलासात कॅनचं पाणी होतं. विहिरीचं द्यायची हिंमत झाली नाही.

"बरं केलं," ती म्हणाली. "पण तो प्याला नाही. म्हणजे त्याले पहिलेपासून ठाऊक होतं, अन् तरी आपल्या लेकराइले पाजून राहिला होता. तुम्ही बसा आता. याच्या पुढचं मी पाहते."