माझ्या घरी न झालेली बैठक

शिरा गार झाला होता. आमच्या दोन खोल्यांत वस्तीभरातून गोळा केलेल्या सतरंज्या अंथरल्या होत्या. कपबशा चार घरच्या, एकीचा दुसरीशी मेळ नाही. माझी बायको शांता ठेवणीतलं लुगडं नेसून चुलीपाशी बसली होती. पोरांना दम भरला होता, पाहुणे खाईपर्यंत शिऱ्याला हात लावायचा नाही. मी दारात उभा. गावातल्या साहित्य संघाची महिन्याची बैठक त्या दिवशी माझ्या घरी होती. मी संघाचा नवा सभासद. बौद्ध वस्तीतला पहिलाच.

शेजारचे गणूनाना काठी टेकत आले. पलटणीतून पेन्शनीत आलेला माणूस, वेळेचा कडक.

"कवा येनार रं तुजं सायेब लोक?"

"येतील," मी म्हणालो.

आले ते ड्रॉइंगचे सर. एकटेच. माझ्याच शाळेत शिकवायचे, संघाचे चिटणीस होते. सायकलवरून उतरलेही नाहीत. एक पाय जमिनीला टेकवून म्हणाले, "बैठक वाचनालयात ठेवलीय. इथं दाटी होईल, असं वकीलसाहेब म्हणाले. सगळे जमलेत. चला लवकर."

दाटी. आदली बैठक पोस्टमास्तरांच्या एकाच खोलीत झाली होती. गुडघ्याला गुडघे लागले होते. तिथं कुणाला दाटी झाली नाही. मी उंबऱ्याबाहेर बसलो होतो, तेवढीच काय ती आत जागा उरली असेल.

मी गेलो. न जाऊन सांगतो कुणाला? वकीलसाहेब संघाचे अध्यक्ष, आणि आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेचे सेक्रेटरीही तेच. मी हंगामी शिक्षक. दर जूनला नवी ऑर्डर, दर एप्रिलला नोकरी संपलेली. वडिलांनी कोयनानगरला धरणावर दगड फोडून मला शिकवलं होतं. त्या शिक्षणाचं दावं वकीलसाहेबांच्या हातात होतं. ते ओढतील तिकडं मी जायचो.

संघाची एक रीत होती. बैठक आळीपाळीनं सभासदांच्या घरी व्हायची, आणि ज्याचं घर त्याची कविता पहिली. मी पंधरवडाभर एक कविता घोटत होतो. शांताला ती पाठ झाली होती. वाचनालयात गेल्यावर वकीलसाहेब म्हणाले, "आज यजमान कुणीच नाही, तेव्हा मीच सुरुवात करतो." मी मान हलवली. माझ्या खिशातला कागद खिशातच राहिला. परत आलो तर दार लोटलेलं. शांतानं सतरंज्या ज्याच्या त्याला पोचवल्या होत्या. कुणी काही विचारलं नाही. त्याचीच मला जास्त लाज वाटली.

त्यानंतर माझी पाळी कधी आलीच नाही. माझ्या पुढचं घर यायचं, मागचं यायचं. मी त्या सगळ्या घरांत जात राहिलो. ओसरीवर बसायचो, चांगल्या ओळीला दाद द्यायचो. आतून अंगाचा तिळपापड व्हायचा आणि तोंडानं 'वा' म्हणायचो. सोडावं तर नोकरी जायची, राहावं तर रोज थोडं थोडं मरायचं. असा अडकलो होतो.

मग संघाचा रौप्यमहोत्सव आला. संघाचा इतिहास समारंभात वाचायचा आणि मागाहून स्मरणिका काढून तीत द्यायचा, असं ठरलं. वकीलसाहेब म्हणाले, "इतिहास तुम्ही लिहा. तुमची भाषा स्वच्छ आहे." मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. जुन्या सभासदांकडं हेलपाटे घातले, आठवणी जमवल्या. पहिल्या बैठकीपासून सगळं लिहिलं. घरोघरच्या बैठकांबद्दल मात्र अवाक्षर लिहिलं नाही. खरं लिहायची छाती नव्हती, खोटं हातून उतरत नव्हतं.

मजकूर तपासून परत आला. वकीलसाहेबांनी स्वतःच्या हातानं एक वाक्य घातलं होतं. 'संघाच्या बैठका जातपात न पाहता प्रत्येक सभासदाच्या घरी आळीपाळीने होत आल्या आहेत.' खाली लेखक म्हणून माझं नाव.

मी त्यांच्या घरी गेलो. पायरीखाली उभा राहिलो.

"साहेब, माझ्या घरी बैठक झालेली नाही."

"ठरली होती ना?"

"ठरली होती."

"मग झाली नाही कसं म्हणता? आणि हे वाक्य तुमच्या तोंडून आलं तरच त्याला अर्थ आहे. मी वाचून काय उपयोग?" चष्मा पुसत त्यांनी पुढं सांगितलं, "तुम्हांला कायम करण्याचा विषय यंदा कमिटीपुढं घेतोय."

मला निवडलं होतं ते भाषेसाठी नव्हे. त्यांना माझं तोंड हवं होतं.

घरी येऊन शांताला सगळं सांगितलं. वाटलं, ती भडकेल. ती भाकरी थापत होती. थापतच राहिली.

"वाचा," ती म्हणाली. "पोरं ल्हान हायती. नोकरी लय म्हत्त्वाची हाय. वाचा."

मला हायसं वाटलं.

"पर आवं, तितं वाचायच्या आदी हितं वाचा. माज्या म्होरं. त्या दिवशी चुलीम्होरं मी बसलेवते."

मी कागद काढला. वरचं सगळं वाचलं. त्या वाक्याशी आलो आणि अडलो. शांता माझ्याकडं बघत होती. रागानं नाही, नुसती बघत होती. पुन्हा प्रयत्न केला. नाही निघालं तोंडातून. ज्या बाईनं वस्तीत घरोघर जाऊन कपबशा मागितल्या, तिच्यापुढं ते वाक्य वाचता येणार नव्हतं. आणि तिच्यापुढं जे वाचता येत नाही, ते मी गावापुढं वाचायला निघालो होतो.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "न्हाई ना येत? मग झालं तर."

समारंभ शाळेच्या हॉलमध्ये होता. सांगलीहून मोठे पाहुणे आले होते. मी इतिहास वाचत गेलो, लोक माना डोलावत गेले. त्या वाक्यापाशी थांबलो. म्हणालो, "पुढचं वाक्य अध्यक्षांनी घातलं आहे. ते खोटं आहे. माझ्या घरी बैठक ठरली होती. माझ्या बायकोनं शिरा केला होता. तुमच्यापैकी एकही आला नाही."

कुणीतरी खोकलं. वकीलसाहेब उठले आणि शांतपणे म्हणाले, "आपण पुढच्या कार्यक्रमाकडं वळू." पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. मला वाटलं होतं, छत कोसळेल. काहीही कोसळलं नाही. पुढं कुणाचं तरी गाणं झालं.

जूनमध्ये ऑर्डर आली नाही. आता मी कुपवाडला एका कारखान्यात कारकुनी करतो. शांता शेजारच्या कारखान्यात शेंगा निवडते.

एवढ्यावर मिटलं असतं, तर गिळलं असतं. पण सांगलीच्या एका वाचनालयात ती स्मरणिका माझ्या हाती लागली. वाक्य तसंच होतं. खाली माझं नाव. मी भर सभेत नाकारलेलं खोटं माझ्याच नावावर छापून त्यांनी गावोगावच्या वाचनालयांत वाटलं होतं. उद्या माझी पोरं मोठी होतील, ते पान उघडतील, आणि बापानं लिहिलंय म्हणून ते खरं मानतील. एवढा संताप नोकरी गेली तेव्हासुद्धा आला नव्हता.

मी पेन काढलं. वाक्यावर आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'हे मी लिहिलेलं नाही. हे खोटं आहे. माझ्या घरी कुणीही आलं नाही.' सही करत होतो, तोवर ग्रंथपाल धावत आले.

"अहो, पुस्तकावर लिहिता? नियम माहीत नाही?"

"माहीत आहे," मी म्हणालो. सही पुरी केली आणि मगच प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी माझं सभासदत्व तिथल्या तिथं रद्द केलं.

आता सुट्टीच्या दिवशी मी एसटी धरतो. मिरज झालं, तासगाव झालं, इस्लामपूर झालं. काही ठिकाणी हाकललं, तिथं पुन्हा जाणार आहे. किती प्रती छापल्या, ते संघ मला सांगत नाही. न सांगो. पुढच्या रविवारी कऱ्हाड.