सिस्टरचा अर्ज आणि मागची गल्ली

आमच्या तळमजल्यावरच्या सुनेला सगळी इमारत सिस्टर म्हणते. तिची सासूसुद्धा म्हणते, त्यामुळे नवख्या माणसाला त्या घरातली नाती उलगडायला जरा वेळ लागतो. वय अडतीस, नोकरी आरोग्य केंद्रात, लस टोचायच्या खोलीत. हात इतका हलका, की सुई बाहेर आली तरी माणूस डोळे मिटून वाट बघत असतो. खोड एकच, मधूनच हरवते. गच्चीवर ओले कपडे घेऊन निघाली की जिन्यातल्या खिडकीशी अडकते आणि मागच्या गल्लीकडे बघत राहते. बादलीतलं पाणी ठिबकत माझ्या दारापर्यंत येतं.

"काय गं, तिकडे कोणी ठेवलंय का?" मी एकदा विचारलंच.

"त्या गल्लीतली मुलं दरवर्षी एकाच आठवड्यात आजारी पडतात, काकू. मला झोपेत दिसतं. पाण्याच्या नळासारखी निळी रेघ असते, दारादारांतून फिरते. मी तिच्यामागे चालत जाते, आणि ती सुरू होते तिथे पोचणार एवढ्यात जाग येते."

लोकांच्या स्वप्नात नट येतात, हिच्या स्वप्नात नळ! मी हे चार घरी सांगितलं, हे कबूल करते.

केंद्रातल्या डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम कर. आजारी पडलेला माणूस इथे येतो. तू त्याच्या आधी तिथे पोचायला शीक." झालं, तेव्हापासून सिस्टर जमिनीपासून चार बोटं वरच.

शोधाशोध केल्यावर दोन संस्था उरल्या. एक दोन थांब्यांवर, वर्ग संध्याकाळचे, विषय रुग्णालयाचं व्यवस्थापन. दुसरी आठ तासांच्या प्रवासावर, दोन वर्षं वसतिगृहात. तिथे साथ कुठून निघते, पाणी कुठे नासतं, हे घरोघर हिंडून आणि आकडे मांडून शोधायला शिकवतात.

"जवळचंच घे," सासू म्हणाली. "टेबलखुर्ची मिळेल, पायांना आराम पडेल." नवरा म्हणाला, "तुझं तू बघ," ज्याला काही घरांत पाठिंबा म्हणतात. नववीतली लेक म्हणाली, "जा, पण फोन ठेवून जा." शेवटी तह झाला: अर्ज दोन्हीकडे करायचा, पण जवळचं मिळालं तर लांबचं नाव काढायचं नाही. आता जवळच्या संस्थेत जागा रिकाम्याच असतात, हे मला ठाऊक, सासूला त्याहून ठाऊक. म्हणजे तहात कोण जिंकलं ते सांगायला नको.

दोन्हींची मुदत एकाच दिवशी, संध्याकाळी पाच वाजता संपणार. दुपारी ती माझ्याकडे संगणकावर बसली. लांबचा अर्ज आधी. 'आपण हे शिक्षण का घेऊ इच्छिता?' या प्रश्नावर तिने निळ्या रेघेपासून सुरुवात केली आणि गल्लीतलं एकेक दार लिहीत गेली. पडदा हलत होता, उन्हाचा चौकोन तिच्या मनगटावरून टेबलावर सरकला, मलाही पेंग आली. जागी झाले तेव्हा तो अर्ज गेला होता.

मग जवळचा. चार ओळींत उद्देश, कागदपत्रं जोडली, पावणेपाचला तयार. आणि बाईंनी हात मांडीवर ठेवले.

"दाब की!"

"अर्धा तास थांबते. काही बिघडणार असेल तर तेवढ्यात कळतं."

लस दिल्यावर ती कोणालाही अर्धा तास बाकावरून उठू देत नाही. घरी नवा मिक्सर आला तेव्हाही एकदा फिरवून अर्धा तास त्याच्याकडे बघत बसली होती.

"अगं, अर्जाला काय पुरळ येणार आहे?"

"लांबच्या अर्जालाही अर्धा तास बसवलं होतं की." एवढं बोलून ती खिडकीबाहेर गेली, म्हणजे डोळ्यांनी. माझं बोट रिकामंच होतं. मी दाबू शकले असते. मी चहा टाकायला उठले.

सव्वापाचला तिने बटण दाबलं. पडद्यावर उमटलं: मुदत संपली आहे.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "काकू, शपथ, मी मुद्दाम नाही केलं. सतरा वर्षांची सवय हो. आता लांबच्यांनी नाही म्हटलं तर?"

"तर काय, सुया आहेतच," मी म्हणाले, आणि लगेच जीभ चावली, कारण तिचे डोळे भरले होते.

सात आठवडे गेले. तिने निकालाखेरीज दुसरं काही बोलायचं सोडलं, सासूने सगळंच. मग एका सकाळी लसीच्या खोलीतून मला फोन. "काकू, घेतलं मला."

तिसऱ्या दिवशी सासूने काठीने जिना ठोकून मला खाली बोलावलं.

"वसतिगृहात तिची खोली कितव्या मजल्यावर आहे, विचारून ये."

"तुम्हीच विचारा ना, ती काय आत स्वयंपाकघरात आहे."

"मी विचारलं तर मला मान्य आहे असं होईल."

मी आत जाऊन विचारून आले. "दुसरा मजला."

सासूने गुडघे चोळले. "त्यांना म्हणावं खालची द्या," म्हणाली, "म्हातारं माणूस भेटायला येणार आहे."