शिवेवरचा घोट

धामणवाडीत कुणाला जुलाब-उलट्या लागल्या की पहिली हाक बेबीबाईला जायची, मग देवाला, आणि अगदीच गळ्याशी आलं तर डॉक्टरला. साखऱ्याहून आत असलेलं हे लहानसं गाव. बेबीबाई साठी उलटलेली, काटक आणि तोंडाची फटकळ. उतारा नेणं हे तिच्या सासूकडून तिच्याकडे आलेलं काम. रोग्याच्या अंगावरचं मळलेलं कापड घ्यायचं, त्यात हळदीचा भात आणि लिंबू बांधायचं, रोग्यावरून ओवाळायचं आणि दिवेलागणीला शिवेवर न्यायचं. तिथे वाहत्या पाण्यात गाठोडं तीनदा बुचकळायचं, काठावर ठेवायचं आणि सरळ घरी यायचं. मागे वळून पाहायचं नाही. पाहिलं तर सोडलेलं सगळं पाठोपाठ घरात येतं. चाळीस वर्षांत बेबीबाईने एकदाही मान वळवली नव्हती, आणि याचा तिला गर्व होता.

यंदा वैशाखात शिवेवरची ओघळ ठणठणीत कोरडी पडली. वाहतं पाणी उरलं ते एकाच ठिकाणी. माळावरून गावात उतरणाऱ्या नळाच्या पाइपाला तिथे पाणी सोडायचा-बंद करायचा एक वॉल होता, आणि तो दोन वर्षांपासून गळत होता. गळून गळून भोवती हातभर खोल खड्डा झाला होता. त्यात पाणी बुडबुडायचं आणि काठावरून वाहून जायचं. पाणी वाहतंय ना, मग ओघळ काय नि वॉल काय, असा बेबीबाईने हिशेब केला.

पहिलं गाठोडं हरीशचं. तो बाहेरगावच्या कामावरून जुलाबांनी पिवळा पडून आला होता. बेबीबाईने गाठोडं खड्ड्यात बुचकळलं, ठेवलं आणि निघाली. दहा पावलं गेली असेल नसेल, मागून आवाज आला. गुड्, गुड्, गुड्. तहानलेल्या माणसाने तांब्या तोंडाला लावावा तसा. माळावर चिटपाखरू नव्हतं. बेबीबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण मान वळली नाही.

"शिवेवरच्या देवीआईनं घोट घेतला," तिने गावात सांगितलं. "उतारा पावला."

हरीश खरंच उठून बसला. त्याला सेनगावच्या दवाखान्यात चार बाटल्या सलाईन चढलं होतं, पण हे आठवायला कुणाला सवड होती?

तिसऱ्या दिवशी खालच्या आळीत एकदम पाच घरं आडवी झाली. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे, डोळे खोल गेलेले, पायात गोळे. बेबीबाईने पाच गाठोडी नेली. पाची वेळा मागून तो घोट ऐकू आला. जेवढे घोट, तेवढी नवी घरं. दारं लावून बसलेल्या घरातही ते दुखणं शिरत होतं. त्याच आळीतल्या सुमनबाईच्या हंड्यात तर नळाच्या पाण्यातून भाताचं पिवळंधमक शीत आलं. बायका जमल्या, हात जोडून बघत राहिल्या. आई घरात येऊन गेली म्हणाल्या. चौथ्या दिवशी सुमनबाईचा नवरा संतराम गेला. बेबीबाईच्याच सांगण्यावरून त्याला दिवसभर पाण्याचा थेंब दिला नव्हता. पाणी पाजलं की जुलाब वाढतात, हे तिचं जुनं मत.

आशाताई शितल घरोघर फिरून घसा कोरडा करत होती. "पाणी तोडू नका. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात हे अख्खं साखर-मिठाचं पाकीट टाका, चमच्या-चमच्यानं पाजत ऱ्हा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा अन् पुन्हा पाजा." तिने शौचाचे नमुने तपासायला पाठवले होते. लोक पाकीट घेत आणि फळीवर ठेवून देत.

मग एका दुपारी बेबीबाईची नात राजनंदिनी पडली. चार वर्षांचं पोर. दिवस कलेपर्यंत तिचं पोट खपाटीला गेलं, रडताना डोळ्यांत पाणी येईना. शितल म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जीप बोलवा." सून मिनाने पाकिटाकडे हात नेला.

"थांब," बेबीबाई म्हणाली. "आधी उतारा. म्या येईस्तोवर थेंब द्यायचा न्हाई."

"आत्याबाई, लेकरू मरून राहिलं माहं!"

"म्हणूनच म्हनते, थांब."

भात-लिंबू बांधलेला राजनंदिनीचा भरलेला झगा घेऊन ती जवळजवळ पळत शिवेवर गेली. तीनदा बुचकळला, ठेवला, निघाली. दहा पावलं झाली. आवाज नाही. पंधरा झाली, वीस झाली. मागे नुसतं पाणी बुडबुडत होतं. आईने घोट घेतला नाही. नातीचा उतारा नाकारला. आणि चाळीस वर्षांत जे केलं नव्हतं ते तिने केलं. ती वळली.

खड्ड्यापाशी कुणी नव्हतं.

तेवढ्यात रोज दिवेलागणीला जा-ये करणारी गावाची लाईट गेली, माळाखालच्या विहिरीतून पाइपात पाणी चढवणारी मोटर बंद पडली, आणि बुडबुडे थांबले. क्षणभर पाणी अगदी शांत झालं. मग ते खाली जाऊ लागलं. कुणी हात न लावता, गोल फिरत, गुड् गुड् करत. नातीच्या झग्यातून निथळलेली घाण फिरली, हळदीच्या भाताची शितं फिरली, आणि वॉलखालच्या भेगेत एकेक करून शिरली. मोटर चालू असताना जिथून पाणी बाहेर यायचं, तिथूनच मोटर थांबली की पाइप आत ओढत होता. पाइप गावात उतरत होता. खालच्या आळीत.

सुमनबाईच्या हंड्यातलं ते शीत बेबीबाईला आठवलं. ते तिने स्वतः शिजवलं होतं.

मिनाला लांबूनच ओरडणं ऐकू आलं. "पाज गं! पाज तिला! नळाचं नको, उकळेल पाज!"

जीप येईपर्यंत आणि सेनगावपर्यंतच्या रस्त्याभर बेबीबाईने स्वतःच्या हाताने चमच्याने पाजलं. राजनंदिनीला दोन दिवस सलाईन आणि औषधं चालली, तिसऱ्या दिवशी तिने भाकर मागितली. नमुन्यांत पटकी निघाली. वॉल बदलला, विहिरीत पावडर पडली, आणि घरं पडायची थांबली. पाइपाचं शितलने सांगितलं तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. बेबीबाईने पारावर उभं राहून, "म्या मागं वळून पाह्यलं," असं म्हटलं तेव्हा मात्र लोकांनी ते मानलं.

एका घरी मात्र जाऊन सांगायचं राहिलं होतं. संतरामचे दिवस झाल्यावर ती सुमनबाईच्या ओसरीवर जाऊन बसली.

सुमनबाईने विचारलं, "पहिलं गाठोडं हरीशचं ना?"

"व्हय."

"त्या वॉलपाशी कोनं नेलं?"

"म्या," बेबीबाई म्हणाली. "अन् तुह्या धन्याला पानी नको म्हनाली, ती बी मीच."

सुमनबाई उठून आत गेली. आता ही काही फेकून मारेल, मारू दे, असं वाटून बेबीबाई खाली मान घालून बसली. सुमनबाई तांब्या घेऊन बाहेर आली, आणि दारी आलेल्या कुणालाही द्यावा तसा तो तिच्यापुढे ठेवला.

"उकळेल हाय," ती म्हणाली. "प्या."

बेबीबाईने तांब्या उचलला. पहिला घोट घेताना तिच्याच गळ्यातून तो शिवेवरचा आवाज आला. गुड्, गुड्, गुड्.