सोन्याचं फूल आणि बेसनाचे लाडू

अख्ख्या फ्रीमाँटमध्ये केदाहच्या राजांची काळजी वाहणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्याच वाट्याला यावा! आमचं ऑफिस एक, म्हणून कारपूल. गडी नागपूरचा. कधीकाळी कामासाठी मलेशियात राहिला, तिथे केदाह नावाच्या प्राचीन राज्यातल्या देवळांचे विटांचे चौथरे पाहिले आणि कामातूनच गेला. गाडीत पट्टा लावला की केदाहवर श्रीविजय साम्राज्याचा अंमल सुरू, फ्रीवेवर चोळांची स्वारी, ट्रॅफिक तुंबला की सयामचे थाई राजे, आणि पार्किंग शोधताना इंग्रज. पुढचं उद्या म्हणायचा, आणि उद्या पुन्हा श्रीविजयपासून! मी करवादायचो, "अरे, मला नऊची मीटिंग आहे!" तो शांतपणे म्हणायचा, "मीटिंग कॅन्सल होईल यार. केदाहची गादी अजून आहे."

त्याचं लाडकं प्रकरण म्हणजे सोन्याचं फूल. केदाहचा सुलतान सयामच्या राजाला सोन्याचांदीची झाडंफुलं घडवून नजराणा पाठवायचा. वरचा खूश, आणि हा आपल्या घरी राजा. हे तो नुसतं सांगत नसे, पाळतही असे. मॅनेजर बदलला की दुसऱ्या दिवशी बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन स्वारी हजर. एका वर्षात तीन मॅनेजर झाले. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, तुमच्या कंपनीला म्हणावं, जरा टिकाऊ माणूस आणा. बेसन भाजून भाजून हात गेले माझे."

चौथी मॅनेजर आली ती नोकरकपातीच्या बातमीसकट. त्याचा व्हिसा नोकरीवर, लेकीचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर बॅगा भरा. त्या सकाळी डबा मांडीवर घट्ट धरून तो बसला होता. एका राजाचं नाव नाही. बाईंनी लाडू खाल्ला, "सो यमी" म्हणाल्या, आणि शुक्रवारी त्याला काढलं.

साठ दिवसांत काही जमलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी तो तोच स्टीलचा डबा घेऊन माझ्या दारात उभा. "हा नजराणा नाही बरं का बे. हे तुझे."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "इंग्रजांनंतर काय झालं रे?"

"पहिल्यांदा विचारलंस," तो म्हणाला. हसला, पण डोळे भरले होते. तेवढ्यात खालून लेकीने हाक मारली, "बाबा, वी आर लेट!" आणि तो गेला.

आता मी एकटाच ड्राइव्ह करतो. गाडीत दोघं असले तरच मिळणारी ती वेगवान कारपूल लेन गेली, नऊची मीटिंग रोज चुकते. श्रीविजय, चोळ, सयाम, इंग्रज, असं माझं मीच म्हणत जातो. पार्किंग मिळालं तरी लगेच उतरत नाही. पुढचं कुणीतरी सांगेल म्हणून जरा वेळ बसून राहतो.